परदेशी जाताय? ऑफिसचे जुने कॉम्प्युटर देऊन टाकण्याआधी हे वाचा



धंदा सुरू कसा करायचा, यावर आपण चॅनलवर भरपूर बोलतो. धंदा आवरायचा कसा, यावर फारसं कोणी बोलत नाही. पण ती वेळ येते. नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागते, मुलाकडे कॅनडाला जायचं ठरतं, दुबईत भावाच्या धंद्यात भागीदारी मिळते. मग दुकानातलं फर्निचर विकलं जातं, गाळ्याचं डिपॉझिट परत मिळतं आणि शेवटी कोपऱ्यात उरतात ते कॉम्प्युटर. दोन-तीन सीपीयू, एक प्रिंटर, यूपीएस, खोकंभर वायरी. विकायला गेलं तर कोणी धड भाव देत नाही, टाकून द्यायला जीव होत नाही. मग विमानाच्या आठ दिवस आधी शेजाऱ्याला सांगितलं जातं, "अहो, तुमच्या पोराला होईल, घेऊन जा सगळं."

देण्याला माझी हरकत नाही. द्याच. हरकत आहे ती त्या आठ दिवसांना. दुकानातलं टेबल दिलं तर फक्त टेबल जातं. कॉम्प्युटर दिला तर त्याच्या पोटात तुमच्या गिऱ्हाइकांची कागदपत्रंही जातात. ती द्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिलेला नसतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्यात तुमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. सात वर्षं चांगलं चाललं. आता त्यातल्या एका सीपीयूचं फक्त डाउनलोड्स फोल्डर उघडून बघा. लोकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, पासबुकाची पहिली पानं, उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, पासपोर्ट साइझ फोटो, कोऱ्या कागदावर सही करून स्कॅन केलेली सही. "सर, व्हॉट्सॲपवर पाठवलंय, प्रिंट काढून द्या" असं म्हणून आलेलं सगळं तिथेच पडून असतं. वर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, तेही निम्मे गिऱ्हाइकांचे, कारण फॉर्म भरताना त्यांचं लॉगिन तुम्हीच बनवून दिलं होतं.

नाव, जन्मतारीख, आधार, पॅन, खातं नंबर, फोटो आणि सही. एका माणसाचं एवढं सामान एका जागी मिळालं तर भामट्याला आणखी काय हवं? उद्या त्याच्या नावावर काही भानगड झाली तर तुम्ही असाल स्टुटगार्टला. पण तुमची आई साताऱ्यात त्याच गल्लीत राहते, आणि लोक तिच्या दारात येतील. कायद्याची बाजूही आहे. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संसदेत मंजूर झाला आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. लोकांची माहिती सांभाळण्यात कुचराई झाली तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुमच्या-माझ्यासारख्याला २५० कोटी कोणी लावणार नाही, हे मलाही कळतं. पण "मी तर छोटा दुकानदार" हे उत्तर पुढे फार दिवस चालणार नाही, एवढं धरून चला.

डिलीट म्हणजे पुसणं नव्हे

बहुतेक जण काय करतात? फोल्डर सिलेक्ट, डिलीट, रिसायकल बिन रिकामा. झालं! प्रत्यक्षात काय होतं ते बघा. एखाद्या जाड वहीच्या अनुक्रमणिकेतलं धड्याचं नाव तुम्ही खोडलंत. धडा आतमध्ये जसाच्या तसा आहे, फक्त तो कोणत्या पानावर आहे ते दिसत नाही. साध्या हार्ड डिस्कमध्ये त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच राहतो. फायली परत आणणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि कॉलेजचा मुलगासुद्धा ती चालवू शकतो. 'क्विक फॉरमॅट'चंही तेच. त्यात अनुक्रमणिका कोरी होते, पानं तशीच राहतात.

खरं पुसायचं असेल तर अख्ख्या डिस्कवर नवीन काहीतरी लिहावं लागतं. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून टाकली की तो पूर्ण डिस्कवर शून्य लिहीत जातो. याला वेळ लागतो. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कला दीड-दोन तास सहज. म्हणून म्हटलं, हे काम शेवटच्या आठवड्यात ठेवू नका.

विंडोजसकट मशीन द्यायचं असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात रिकव्हरी आणि मग 'रिसेट धिस पीसी'. तिथे 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि पुढे जायच्या आधी 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करा. हे चालू केलं नाही तर नुसती वरवरची झाडलोट होते. आणखी एक गंमत. आपल्याकडे दुकानाचा सगळा डेटा असतो डी ड्राइव्हमध्ये, कारण "सी ड्राइव्ह उडला तरी डी राहतो" असं कॉम्प्युटरवाल्यानं आपल्याला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. डिस्कचे असे भाग केले असतील तर रिसेट करताना सगळे ड्राइव्ह पुसायचे की फक्त विंडोजचा, हा पर्याय मुद्दाम बघा. नाहीतर सी चकाचक होईल आणि सात वर्षांची आधार कार्डं डी मध्ये सुखरूप राहतील.

एसएसडी असेल तर गोष्ट थोडी वेगळी. एसएसडी स्वतःच्या सोयीनं जागा बदलत लिहिते, त्यामुळे वरून कितीदा लिहिलं तरी सगळ्या जागा पुसल्या गेल्याची खात्री नसते. त्यासाठी ती बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, त्यात 'सिक्युअर इरेज' हा पर्याय शोधा. आणि डिस्क बिघडलेली असेल, चालूच होत नसेल, तर ती पुसता येणार नाही. ती ड्रिलनं भोकं पाडून निकामी करावी लागते. डोळ्यांवर चष्मा घाला, काही डिस्कच्या आतल्या तबकड्या काचेच्या असतात.

हे सगळं वाचून डोकं गरगरलं असेल तर माझा आवडता उपाय सांगतो. डिस्क काढून घ्या. डेस्कटॉपमधून डिस्क काढायला स्क्रू ड्रायव्हर आणि दहा मिनिटं पुरतात. जुनी डिस्क तुमच्याकडे राहते आणि घेणाऱ्याला फक्त एक छोटी एसएसडी टाकावी लागते. खरं तर यात त्याचाच फायदा आहे. जुन्या मशीनचा वेग बहुतेक वेळा जुन्या हार्ड डिस्कमुळेच मेलेला असतो. एसएसडी टाकली की तेच मशीन दुप्पट उत्साहानं उठतं. मनात असेल तर एसएसडीचा खर्च तुम्ही करा. यापेक्षा चांगली भेट नाही. काही लॅपटॉपमध्ये मात्र स्टोरेज बोर्डावरच पक्कं बसवलेलं असतं. तिथे रिसेटशिवाय इलाज नाही.

पुसण्याआधी हिशेब वाचवा

इथे लोक दुसऱ्या टोकाला जातात. डेटा धोक्याचा आहे म्हटल्यावर सगळंच पुसून मोकळे! थांबा. गिऱ्हाइकाची कागदपत्रं वेगळी आणि तुमच्या धंद्याचे हिशेब वेगळे. जीएसटी नोंदणी असेल तर त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेबाची कागदपत्रं ठेवावी लागतात. २०२४-२५ या वर्षाच्या वार्षिक रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती, म्हणजे ते हिशेब ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत सांभाळायचे. तुम्ही परदेशात असलात तरी. नोंदणी रद्द केली तरी. उद्या नोटीस आली तर "कॉम्प्युटर शेजाऱ्याला दिला" हे उत्तर चालत नाही. इन्कम टॅक्ससाठी काय आणि किती वर्षं ठेवायचं, ते तुमच्या सीएंना विचारून लिहून घ्या.

टॅलीचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवा. एक तुमच्याबरोबर, एक इथे घरच्या भरवशाच्या माणसाकडे. आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं असं समजू नका. तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप म्हणजे वटत नसलेला चेक. सोबत ताळेबंद, खतावणी आणि बिलांच्या पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे सहा वर्षांनी टॅली हाताशी नसली तरी कागद दिसतील. टॅलीचं लायसन्स तुमच्या नावावर असेल तर मशीन पुसण्याआधी ते 'सरेंडर' करा, म्हणजे पुढे दुसऱ्या मशीनवर सुरू करता येतं. डीटीपीवाल्यांनो, मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल सीपीयूच्या मागे लावलेलं असतं आणि वर्षानुवर्षं तिकडे कोणी बघत नाही. ते काढून घ्या. डिजिटल सहीचं टोकनही तसंच, तो तुमच्या सहीचा शिक्काच आहे. आणि जीएसटीचा ओटीपी ज्या नंबरवर येतो तो मोबाइल नंबर बंद करू नका. नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न, जीएसटीआर-१०, भरायचं असतं. तेव्हा हा ओटीपी लागणार आहे.

फुकट दिलं तरी जीएसटी?

हो, लागू शकतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कॉम्प्युटर घेताना तुम्ही जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, तर तो कायमचा दुसऱ्याला देणं, अगदी फुकट देणंसुद्धा, कायद्याच्या दृष्टीनं विक्रीसारखंच धरलं जातं. मग वापराच्या काळासाठी दर तिमाहीला ५ टक्के वजा करून उरलेलं क्रेडिट परत करायचं, किंवा आजच्या किमतीवरचा कर भरायचा. यातली जी रक्कम जास्त ती.

आकड्यात बघू. कॉम्प्युटर ४०,००० रुपयांचा, त्यावर १८ टक्क्यांनी ७,२०० रुपयांचं क्रेडिट तुम्ही घेतलं. तीन वर्षं वापरला, म्हणजे १२ तिमाह्या, म्हणजे ६० टक्के वजा. उरले ४० टक्के, २,८८० रुपये. आज त्याची किंमत १२,००० धरली तर त्यावरचा कर २,१६० होतो. म्हणून भरायचे २,८८०. पाच वर्षं पूर्ण झाली की क्रेडिटचा भाग शून्यावर येतो आणि फक्त आजच्या किमतीचा प्रश्न उरतो. जीएसटी नोंदणीच नसेल किंवा क्रेडिट घेतलंच नसेल तर ही भानगड तुम्हाला नाही.

आणि संस्थेला कॉम्प्युटर दिला म्हणून ८०जी खाली सूट मिळेल, ही आशा सोडा. ती सूट पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या नाही. पावती मिळाली तरी नाही.

कोणाला द्यायचं?

माझं मत स्पष्ट आहे. पहिला हक्क तुमच्याकडे काम करणाऱ्या माणसाचा. जी ताई पाच वर्षं त्या मशीनवर बसली, तिला त्याचं दुखणंखुपणं माहीत आहे. उद्या ती घरून टायपिंगची किंवा फॉर्म भरायची कामं घेणार असेल, तर तुमच्या मशीनचं सोनं झालं. दुसरा हक्क नुकता धंदा सुरू करणाऱ्याचा. तिसरा शिकणाऱ्याचा. मराठी-इंग्रजी टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसणाऱ्या मुलांना इन्स्टिट्यूटमध्ये ठरलेलाच वेळ मिळतो. घरी सराव करायला साधं मशीन आणि चांगला कीबोर्ड असला तरी पुरे.

शाळेला द्यायचं असेल तर आधी मुख्याध्यापकांना दोन गोष्टी विचारा. हे चालवणार कोण, आणि बिघडलं तर दुरुस्तीचे पैसे कुठून येणार? समाधानकारक उत्तर मिळालं तर जरूर द्या. नाहीतर एखाद्या शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत आधीच चार बंद सीपीयू असतात, तुमचा पाचवा. हार घालून फोटो निघतो, मशीन मात्र चालत नाही.

फुकट की पैसे घेऊन? धंद्यासाठी घेणाऱ्याकडून थोडे का होईना, पैसे घ्या. पैसे मोजून आणलेली वस्तू माणूस वापरतो, फुकटची पलंगाखाली जाते. शिकणाऱ्या मुलाला मात्र फुकट द्या.

देताना एका कागदावर लिहून घ्या: काय दिलं, सिरीयल नंबर कोणता, कोणत्या तारखेला, कोणाला, "आहे त्या स्थितीत" दिलं आणि डिस्क काढून किंवा पुसून दिली. दोघांच्या सह्या. मित्र असला तरी. पुढे त्या मशीनवरून कोणी काही उद्योग केले तर मशीन त्या दिवसापासून तुमचं नव्हतं, याचा हा पुरावा. मूळ बिलाची प्रतही सोबत द्या, म्हणजे घेणाऱ्यालाही ते चोरीचं नाही हे दाखवता येतं.

सीपीयूवरच लक्ष गेलं तर बाकीच्या वस्तू निसटतात. मोठ्या डिजिटल झेरॉक्स मशीनमध्ये अनेकदा हार्ड डिस्क असते आणि तिच्यात कागदांच्या प्रतिमा राहू शकतात. मशीनच्या सर्व्हिसवाल्याला बोलवून ती पुसून घ्या. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमध्ये डिस्क असते. हजेरीच्या मशीनमध्ये कामगारांच्या बोटांच्या ठशांची नोंद असते. वायफायचा राउटर मागचं बारीक बटण दाबून रिसेट करा. दुकानाचा अँड्रॉइड फोन किंवा टॅब असेल तर रिसेट करण्याआधी गुगल खातं काढा, नाहीतर घेणाऱ्याकडे तो तुमचा पासवर्ड मागत बसेल. ॲपलच्या वस्तूंमध्ये 'फाइंड माय' आधी बंद करा, कारण तेच.

घेणाऱ्या मित्रांसाठी

तुमच्यातले बरेच जण घेणाऱ्याच्या बाजूला असणार, हे मला माहीत आहे. कोणी परदेशी चाललंय आणि कॉम्प्युटर देतंय, ही सुरुवातीला चांगली संधी असते. पण "फुकट आहे ना" म्हणून डोळे मिटून उचलू नका. त्यांच्या जागेवरच चालू करून बघा. आता विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. त्याहून जुनं मशीन मिळत असेल तर नाही म्हणायची गरज नाही, पण त्यावर बँकेचे व्यवहार करायचे असतील तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाका. दोन्ही फुकट आहेत, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतो, आणि बिलं, पत्रं, हिशेबाचे तक्ते लिब्रेऑफिसमध्ये होतात. टॅली मात्र विंडोजवरच नीट चालते, त्यामुळे हिशेबाच्या कामासाठी घेत असाल तर हा मुद्दा आधीच बघा. आणि देणाऱ्याचा जुना डेटा त्यात सापडला तर उघडून बघत बसू नका. फोन करून सांगा आणि पुसून टाका. तुमच्या धंद्याचं पहिलं नाव तिथेच होईल.

जे कोणालाच नको

उरलेलं भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नका. तांब्यासाठी वायरी जाळतात, बोर्डातलं सोनं काढायला ॲसिड वापरतात, आणि तो धूर कोणाच्या तरी वस्तीत जातो. जुन्या टीव्हीसारख्या जाडजूड मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी असलेला रिसायकलर शोधायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची यादी बघा. पुण्यात असाल तर 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचरा घेते. यूपीएसची बॅटरी वेगळी काढा. ती शिशाची असते आणि बॅटरीचा दुकानदार जुनी बॅटरी पैसे देऊन घेतो.

आणि बरोबर काय न्यायचं? लॅपटॉप आणि डिस्क, बस. लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो अमेरिका-कॅनडातल्या १२० व्होल्टवरही चालतो, फक्त पिन बदलावी लागते. प्रिंटर, यूपीएस आपल्या २३० व्होल्टचे. ते तिकडे ओझं होतील.

शेवटी एक बारीक काम. मशीनचा बायोस पासवर्ड असेल तर तो काढून टाका. काही विशिष्ट खोड असेल, म्हणजे "दुसऱ्या खाचेत रॅम चालत नाही" किंवा "पुढचं यूएसबी बंद आहे", तर ते चिठ्ठीवर लिहून सीपीयूच्या बाजूला चिकटवा. कारण घेणारा फोन करणार तो सकाळी दुकान उघडल्यावर. साताऱ्यात सकाळचे अकरा वाजलेले असतात तेव्हा उन्हाळ्यात टोरांटोमध्ये रात्रीचा दीड वाजलेला असतो.